भट्टीवरची टिटवी

बेकरीत तिला सगळे टिटवी म्हणायचे. आधी म्हणत नसत. आधी, म्हणजे पोट पुढे येऊन भट्टीच्या दाराला टेकेपर्यंत, ती भट्टीवाली होती. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर कच्चे पाव घ्यायचे, फळी आत सारायची, मनगटाला एक हलका झटका द्यायचा, की पाव शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी उतरून बसायचे. हे काम तिला येत होतं, आणि येतं म्हणून तिच्या नाकाचा शेंडा थोडा वरच असायचा. बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा भट्टी तीच होती, फळी तीच, मनगटही तेच. फक्त अंगात राहायला कुणीतरी दुसरंच आलं होतं.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात भट्टीचं घड्याळ वाजलं. पाव झाला की ते वाजतं, त्याला दुसरं काही येतच नाही. पण त्याची पहिली 'टीं' कानावर पडली आणि हिने अशी काही किंकाळी फोडली की रस्त्यावरच्या कुत्र्याने भुंकून साथ दिली. पाव जमिनीवर आणि फळी लांब्याच्या पायाशी. लांब्या म्हणजे पीठ मळायच्या मशीनवरचा उंच गडी. त्याचा पाय थोडक्यात वाचला, पण तिचं नाव काही वाचलं नाही. "टिटवी आहे का काय ही?" असं तो जे म्हणाला, ते चिकटलंच.

बेकरीचे वस्ताद रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजावणीच्या सुरात बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"भट्टीसमोर दचकणारं माणूस मला नको बाई. एक दिवस पाव राहील बाजूला आणि तूच भाजून निघशील."

"सवय गेलीय थोडी. येईल परत."

"येऊ दे की. तोवर पिशव्या भर."

पिशव्या भरायच्या टेबलावर जिवाला धोका म्हणावा असा एकच होता, चिकटपट्टीचा. ती ओढली की चर्रकन आवाज व्हायचा, आणि ती स्वतःच ओढलेल्या पट्टीला स्वतःच दचकायची. शेजारी बसून पावांना आकार देणारी रेडिओ (तिचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते पाळी संपेपर्यंत) हे सगळं बघून म्हणाली, "अगं, तुला लपून भॉक करायला दुसरं कुणी लागतच नाही."

यावर ती सगळ्यांच्या बरोबर हसली. पण त्याच दुपारी वस्ताद फोनवर कुणाशी तरी बोलत होते, बाहेरून एक भट्टीवाला सोमवारपासून आणायचं चाललं होतं. तिला बघून त्यांनी फोन खाली धरला आणि म्हणाले, "शनिवारी बघू तुझं. तोवर हात शांत झाले तर भट्टी तुझी, नाहीतर मला माणूस घ्यावाच लागेल."

बाहेरचा माणूस एकदा भट्टीपुढे उभा राहिला की तो काही हिच्यासाठी बाजूला होणार नव्हता. मग चिकटपट्टी ओढत म्हातारं व्हायचं.

*

दचकणं घरून यायचं. म्हणजे तिचं तसं मत होतं. घरी सहा महिन्यांची लेक होती, सगळ्यांचं पिल्लू. हे पिल्लू रडायचं ते रडायचंच, पण त्याहून जास्त ते तिला ऐकू यायचं. नळ सोडला की पाण्यात रडायचं. शेजारच्यांचं दार करकरलं की दारात रडायचं. ती हातातलं टाकून पळत जायची, तर पिल्लू तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं. आणि ही पाळण्याशी उभी, छातीत ढोल वाजतोय, तळहात गार, पोटऱ्यांत वीज भरलेली, समोर येईल त्याला फाडून खायच्या तयारीत. आणि समोर येतंय कोण, तर पिल्लाच्या नाकावरची एक माशी.

एवढी तयारी फुकट गेली की मग ती गळून जायची. दहा वाजेपर्यंत दिवसभराचं बळ संपलेलं. न आलेल्या वाघांवर खर्च झालेलं.

नवरा मात्र खुशाल झोपायचा. "तुम्हाला ऐकूच कसं येत नाही हो?" तिने एकदा विचारलं.

"तू ऐकतेस ना," तो म्हणाला. "दोघांनी ऐकायला ते काय भाषण आहे?"

त्या क्षणी तिच्या पोटऱ्यांतल्या विजेला वाघ सापडला होता. पण पिल्लू उठेल म्हणून तिने त्याला सोडून दिलं.

नणंद शाळेत जीवशास्त्र शिकवायची. ती रविवारी आली तेव्हा हिने हळूच विषय काढला. नणंदेला कुणी काही विचारलं की तिला खडू-फळा नसल्याचं दुःख व्हायचं. तिने केळं घेतलं.

"हे बघ, ही तुझी किडनी."

"ताई, ते मी खाणार होते."

"नंतर खा. हिच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. दोन किडन्या, दोन टोप्या. मेंदूला वाटलं की धोका आहे, की तो टोप्यांना निरोप धाडतो. टोप्या रस सोडतात रक्तात. मग हृदय पळायला लागतं, श्वास वाढतो, पोटातलं रक्त पायांकडे जातं, तोंड कोरडं पडतं. म्हणजे काय, तर पळ नाहीतर भिड."

"पण धोका नसतोच ना!"

"टोप्यांना कुठे डोळे आहेत? वर मेंदू म्हणाला वाघ, की खाली वाघ. त्यातून तू झोपेला पारखी झालेली बाळंतीण. तुझा पहारेकरी तर मांजर गेलं तरी शिट्टी फुंकणार."

"मग त्याला काढून कसं टाकायचं?"

"काढतेस काय? त्याच्यावरच पिल्लू वाढतंय." नणंदेने केळं सोलून स्वतःच खाल्लं. "हळू श्वास सोडायची सवय कर. घ्यायचा लहान, सोडायचा लांब. आणि झोप काढ."

झोप काढ हे ती अशा सुरात म्हणाली की जणू झोप फडताळातल्या वरच्या खणात ठेवलेली होती आणि हिचाच हात पुरत नव्हता.

सासूबाई पलंगावर पिल्लाला थोपटत सगळं ऐकत होत्या. "काही होत नाही गं," त्या म्हणाल्या. "आम्हीपण बाळंत झालो. हा लहान होता तेव्हा मी याच्या नाकाखाली आरसा धरून बघायची, श्वास चाललाय का म्हणून."

"कधीपर्यंत, आई?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "परवा धरला होता."

"आई! तुमचा मुलगा टकला व्हायला आलाय."

"घोरता घोरता एकदम थांबला ना. मग काय करायचं माणसाने?"

म्हणजे हे जाणार नाही, हे तिला त्या दिवशी कळायला हरकत नव्हती. पण शनिवार जवळ येत होता आणि तिला चमत्कार हवा होता. तिने लांब श्वास सोडायचा सराव केला. श्वास सोडता सोडता पिल्लू आज एवढं गप्प का म्हणून मध्येच उठून पळाली. गार पाण्याने तोंड धुतलं. तोंड गार झालं, छाती तशीच. शेवटी तिने नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही मागून येऊन अचानक आवाज करायचा. मी दचकून दचकून कंटाळले की थांबेन आपोआप."

नवऱ्याला हे काम फार आवडलं. लग्नानंतर बायकोने सांगितलेलं एवढ्या उत्साहाने त्याने पहिल्यांदाच केलं. ती कपडे पिळत होती, तो मागून आला आणि स्टीलचं ताट भिंतीवर आपटलं. तिने न बघता ओला टॉवेल फिरवला तो त्याच्या कानशिलावर सपकन बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट, पुन्हा टॉवेल. दोन-तीन दिवसांत सवय झाली, पण ती त्याला, खाली वाकायची.

*

शनिवार उजाडला. वस्तादांनी सकाळीच सांगितलं, "दुसरी खेप तू लाव. मी शेजारी उभा राहतो." तिने मान हलवली. जीभ टाळूला चिकटली होती, त्यामुळे मान हलवण्यावरच भागवावं लागलं. तोवर पिशव्या होत्याच.

रेडिओने एका हॉटेलसाठी मोठा पाव घडवला होता. काउंटरवर शोभेला ठेवायचा, म्हणून चांगला दांडगा. पीठ फुगताना वरून वाळू नये म्हणून त्याला पांढऱ्या धुतल्या कापडात गुंडाळून टोपलीत ठेवायची त्यांच्याकडे रीतच होती. "ही टोपली जरा उबेला ठेव गं," रेडिओ म्हणाली. टिटवीने टोपली उचलली. पीठ कोमट होतं, मऊ होतं, आणि आतल्या आत हलकंसं हलत होतं, यीस्ट चढल्यावर हलतं तसं.

तेवढ्यात भट्टीत टाकलेल्या ट्रेखालचा कागद जाळाला लागला. लांब्याने कागद कापताना हात सैल सोडला होता, त्यामुळे कागद खाली लोंबत राहिला आणि भडकला. भसकन धूर आला आणि छतावरची धोक्याची घंटा कोकलायला लागली.

पुढचं तिला नीट आठवत नाही, आणि जे आठवतं ते तिच्या सोयीचं नाही. वस्ताद ओरडत होते, "सगळे बाहेर! सामान राहू दे! काही उचलू नका!" हे वाक्य तिने ऐकलं होतं. तिला ते पटलंही होतं. सामान कशाला कोण उचलेल? ती मागच्या दाराने निघाली, गल्ली ओलांडली, समोरच्या केस कापायच्या दुकानाच्या पायरीवर चढली, पाठ भिंतीला लावली. मग तिने धोक्याकडे पाठ फिरवून छातीशी धरलेल्या जिवाला आडोसा केला, आणि थोपटायला लागली.

"झालं हं, झालं. काही नाही. आई आहे ना."

छाती धाडधाड करत होती, पण हात मात्र लयीत थोपटत होते. भाजीची पिशवी घेतलेली एक आजी तिच्यापाशी थांबली.

"आग लागली का गं बाई?"

"धूर झालाय नुसता."

"अगं बाई, आणि एवढंसं लेकरू घेऊन तू तिथे होतीस! मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"केवढी झाली?"

"सहा महिन्यांची."

"अंगाने चांगली आहे हो. बघू, कुणावर गेलीय?" असं म्हणून आजीने कापडाचं टोक अलगद बाजूला केलं.

आजीने बघितलं. टिटवीनेही बघितलं. कापडातून पांढरंफेक, गुळगुळीत, नाक-डोळे नसलेलं एक तोंड फुगून वर आलं होतं, आणि दोघींच्या समोर त्याच्या गालावर एक बुडबुडा आला आणि फुटला.

आजी दोन पावलं मागे सरली. मग तिने हिच्याकडे अशा मायेने बघितलं की हिला रडू यावं. "घरी कुणी आहे का गं तुझ्या?" तिने हळूच विचारलं.

"आहे," टिटवी म्हणाली. "मुलगी आहे. म्हणजे खरी घरी आहे. ही… हा पाव आहे."

"हो हो. असू दे हं, असू दे," आजी म्हणाली आणि भाजी सांभाळत भराभर निघून गेली.

गल्लीत वस्ताद माणसं मोजत होते. त्यांचे डोळे लालभडक झाले होते. जळता कागद चिमट्याने त्यांनीच ओढून बाहेर टाकला होता आणि सगळा धूर तोंडावर घेतला होता. "सगळे आहेत ना?" त्यांनी खोकत विचारलं.

रेडिओने पायरीकडे बघितलं. "आहेत," ती म्हणाली. "एक जास्तच आहे."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. लांब्या तर भिंत धरून खाली बसला. टिटवीही हसली, हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण हसता हसता मध्येच तिला घर आठवलं. पिल्लू घरी होतं, सासूबाईंच्या मांडीवर. समजा तिथे आज काही झालं असतं, तर या सगळ्या विजेचा, या धडधडीचा काय उपयोग होता? ती इथे पिठाच्या गोळ्याला वाचवत बसली असती, मन लावून.

*

आत गेले तर विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काळी राख, उघड्या खिडक्या, आणि घोड्यांवर, म्हणजे लाकडी मांडण्यांवर, ठेवलेले दुसऱ्या खेपेचे पाव. ते मात्र कुणासाठी थांबले नव्हते. पीठ फुगायचं तेवढं फुगलं होतं आणि आता अंग टाकायच्या बेतात होतं. लगेच भट्टीत गेले नाहीत तर सगळे बसणार, चपटे, खाण्याच्या लायकीचे नाहीत.

वस्ताद भट्टीपुढे गेले, आणि डोळे पुसत परत आले. "मला धड दिसत नाही. लांब्या, तू लाव."

"मी?" लांब्या म्हणाला. "आत्ताच तर मी भट्टी पेटवली."

"रेडिओ?"

"मला भट्टीजवळ गेलं की तोंड सुकतं. मग मी बोलू कशी?"

टिटवी कापडातला गोळा परत टोपलीत ठेवत होती. तिचे हात थरथरत होते, घंटा केव्हाच बंद झाली होती पण टोप्यांना कुणी कळवलं नव्हतं. "मी लावते," ती म्हणाली.

"हात बघ तुझे," वस्ताद म्हणाले.

तिने बघितले. बघण्यासारखेच होते. पिठाने भरलेले, पानासारखे लवलवत होते. "आता थांबले तर पाव बसतील," ती म्हणाली. "आणि हे काही आज थांबायचे नाहीत. थरथरू देत. तुम्ही बाजूला व्हा."

'बाजूला व्हा' असं तिने वस्तादांना आजवर म्हटलं नव्हतं. ते इतके चकित झाले की झालेच बाजूला.

भट्टीचं दार उघडलं, तोंडावर झळ आली. आता त्या थरथरीनेच पाव सुरेख उतरले असं लिहिता आलं असतं तर कथा शोभून दिसली असती. तसं झालं नाही. पहिला पाव आडवा पडला, दुसरा त्याच्या अंगावर जाऊन बसला, आणि तिच्या तोंडून असा एक शब्द गेला की रेडिओ गप्प झाली. तिसऱ्याच्या वेळी तिने दांडा बगलेत घट्ट दाबला, म्हणजे थरथर बोटांत राहिली आणि फळीपर्यंत पोचली नाही. झटका दिला. पाव जागेवर उतरला. चौथा उतरला. मग मोजायला वेळच राहिला नाही. अंगात एवढी आग भरलेली होती, बाहेर पळायला बाळगलेली, ती आता खांद्यांतून, पाठीतून फळीत उतरत होती आणि घोड्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. भिणं चालूच होतं. तोंड कोरडंच होतं. पण भिता भिता काम होत होतं, आणि भराभर होत होतं.

शेवटची फळी भरून ती आत सारणार, एवढ्यात वरच्या कप्प्याचं घड्याळ वाजलं. कागद जळण्याआधी कुणीतरी लावून ठेवलेलं आणि विसरलेलं.

टीं.

ती उडाली. जागच्या जागी चांगली वीतभर उडाली. किंकाळीही तीच, सगळ्यांच्या ओळखीची. लांब्याने पाय वर घेतला, तिच्या नवऱ्यासारखी त्यालाही सवय झाली होती. पण फळी? फळी हातातच होती. कच्चे पाव फळीवर जरासे हलले, एकमेकांना चिकटले, आणि राहिले. तिने श्वास सोडला, लहान की लांब ते बघितलं नाही, फळी आत घातली आणि दार लावलं.

मग मात्र ती मैद्याच्या पोत्यावर बसली ती बसलीच. दात वाजायला लागले, आणि पोटातून अशी भूक उसळली की दोन दिवसांची उपाशी असावी. रेडिओने न बोलता (हे फक्त टिटवीच्याच लक्षात आलं) कालचा अर्धा गोड पाव तिच्या हातात दिला. तिने तो कसा खाल्ला ते सांगण्यासारखं नाही. कुरता छातीवर दुधाने ओला झाला होता. तिथेही कुणीतरी घंटा ऐकून कामाला लागलं होतं. तिने ॲप्रन वर ओढला.

खेप निघाली. एकावर एक बसलेले ते दोन पाव जुळ्यांसारखे चिकटून भाजले होते, बाकीचे ठीक होते. मोठा पाव मात्र थोपटून थोपटून एका बाजूला कलंडला होता. हॉटेलला दुसरा करून द्यावा लागला. वस्तादांनी एक पाव उचलून खालून बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला. मग तिच्यासमोर येऊन उभे राहिले. डोळे अजून लालच होते.

"दचकतेस ती दचकतेसच तू."

"हो," ती म्हणाली. आता खोटं बोलायलाही बळ नव्हतं. "आणि ते जाणार नाही वस्ताद. आमच्या सासूबाईंचंही अजून गेलेलं नाही. हात शांत होतील म्हणून थांबणार असाल, तर सोमवारचा माणूस बोलवा."

वस्तादांनी हातातला पाव खाली ठेवला. "फळी का नाही सोडलीस?"

तिने आठवून बघितलं. "पाव होते ना तिच्यावर," ती म्हणाली.

"मागे पण होते."

"मागे मला वाटायचं, आधी दचकणं थांबवायचं आणि मग फळी धरायची. आज असं आधी-मग करायला वेळच नव्हता."

वस्तादांनी खिशातून फोन काढला, दूर धरून डोळे बारीक करून बघितलं, नंबर काही दिसेना. लांब्याला लावायला सांगितला. "त्याला म्हणावं, नको येऊस. माणूस मिळालं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "सोमवारी भट्टीवर ये. दचकत आलीस तरी चालेल. लांब्याचं मशीन तेवढं पलीकडे सरकवू."

ज्या गोष्टीसाठी तिने आठवडाभर श्वास मोजले, नवऱ्याला टॉवेल मारले, ती तिच्या पदरात पडली होती. तिला वाटलं, आता आनंद होईल. ती थोडी वाट बघत थांबली. पण आनंदालाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं, आणि सगळं खर्च झालं होतं. तिने तोंड उघडलं, आभार मानण्यासाठी, आणि एक भली मोठी, कानापर्यंत पोचणारी जांभई दिली.

"मी इथे भट्टी देतोय," वस्ताद म्हणाले, "आणि ही जांभया देतेय."

"सोमवारी आनंद होईल मला," ती पोत्यावर मान टाकत म्हणाली. "आज राहू दे."